लेकराला आधार, मुलाला उपचार: दोन्ही करावं लागतं



या अंकात जरा अवघड विषय घेतलाय. गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ते, परसबाग, शेळीपालन यावर आपण तासन् तास बोलतो. पण एखादा विषय असा निघतो, की सगळ्या जणी खाली बघायला लागतात आणि कुणीतरी उठून दार लोटून घेतं. आजचा विषय तसाच आहे. म्हणूनच तो वाचायचा, आणि जमलं तर बैठकीत मोठ्याने वाचायचा.

समजा, तुमच्या दहा जणींच्या गटात दोघी शेजारणी आहेत. एकमेकींच्या अडीअडचणीला धावणाऱ्या. एकीची मुलगी सहा वर्षांची. दुसरीचा मुलगा चौदा वर्षांचा, आठवीत शिकणारा. एक दिवस ती मुलगी रडत रडत आईला सांगते, "शेजारच्या दादाने माझ्याशी घाण केलं." एका क्षणात दोन्ही घरांवर आभाळ कोसळतं. एक आई म्हणते, मी पोलिसात जाते. दुसरी तिचे पाय धरते, माझ्या पोराचं आयुष्य बरबाद होईल गं. गावातली चार मोठी माणसं म्हणतात, आपसात मिटवा, पोरीचीच बदनामी होईल. आणि गटातल्या उरलेल्या आठ जणी? त्यांनी कुणाच्या बाजूने उभं राहायचं?

उत्तर सरळ आहे. आधी त्या लेकराच्या बाजूने. आणि मुलाला सावरायचं असेल, तर त्याचाही रस्ता तिथूनच जातो. गोष्ट झाकून ठेवली तर नुकसान दोघांचंही होतं. हे कसं, ते आता बघू.

हे खरंच किती घडतं?

अत्याचार करणारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अनोळखी, दारू प्यालेला, मोठा पुरुष येतो. पण बऱ्याच वेळा तो ओळखीतलाच असतो, आणि कधी कधी तो स्वतःच पोरसवदा असतो. २००७ साली केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितलं, की कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास आपल्या वाट्याला आलाय. अशा मुलांमध्ये मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेच्या न्याय खात्याने २००९ साली एक अहवाल काढला. तिथे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांची जी प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली, त्यांत तिघांमागे एकाहून थोडे जास्त आरोपी स्वतःच १८ वर्षांखालचे होते. आपल्यापेक्षा लहान मुलांशी असं वागण्याचं प्रमाण १२ ते १४ या वयाच्या आसपास सगळ्यात जास्त दिसलं.

म्हणजे नेमकं ते वय, जेव्हा आपण म्हणतो, "आता तो मोठा झाला, लहानग्यांना त्याच्याजवळ सोडून मी शेतात जाते."

खेळ कुठला आणि अत्याचार कुठला?

चार-पाच वर्षांची दोन पोरं एकमेकांचं अंग कुतूहलाने बघतात. हे घाबरण्यासारखं नाही. न मारता, न ओरडता सांगायचं, "बाळा, कपड्याआतलं अंग ज्याचं त्याचं असतं," आणि त्यांना दुसऱ्या खेळाला लावायचं.

पण पुढच्या खुणा दिसल्या तर तो खेळ राहत नाही: दोघांच्या वयात किंवा ताकदीत बराच फरक आहे, धाक दाखवला, जबरदस्ती केली, खाऊ-पैशाचं आमिष दिलं, "कुणाला सांगायचं नाही" असं बजावलं, एकदा समजावल्यावरही परत तेच केलं, लहान मूल घाबरलंय, कुढतंय, अंथरूण ओलं करायला लागलंय. यातलं काही असेल तर "पोरंच ती" म्हणून सोडून देऊ नका.

सोळा-सतरा वर्षांची दोघं एकमेकांच्या प्रेमात पडून पळून जातात, ते प्रकरण वेगळं. कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची संमती धरली जात नाही, त्यामुळे तिथेही गुन्हा दाखल होऊ शकतो. पण त्या मुलाच्या मनात चाललेलं आणि लहान मुलीला धाक दाखवणाऱ्या मुलाच्या मनात चाललेलं एकसारखं नसतं. या लेखात आपण दुसऱ्याबद्दल बोलतोय.

मुलगा असं का वागतो?

कारण एकच नसतं. २०१० साली कॅनडातल्या संशोधकांनी असे ५९ अभ्यास एकत्र करून पाहिले. लैंगिक गुन्हा केलेली किशोरवयीन मुलं आणि दुसरे गुन्हे केलेली मुलं यांची तुलना केली. लैंगिक गुन्हा केलेली मुलं जास्त मारामारी करणारी, जास्त उनाड निघाली नाहीत. उलट त्यांच्यात पुढच्या गोष्टी जास्त दिसल्या: लहानपणी स्वतःवर अत्याचार झालेला, अश्लील चित्रं-व्हिडिओ फार लवकर बघण्यात आलेले, घरात किंवा आसपास लैंगिक हिंसा पाहिलेली, सोबतीची मुलं नाहीत, एकलकोंडेपणा, भीती, स्वतःबद्दल कमीपणा. काहींच्या मनात लहान मुलांबद्दल किंवा जबरदस्तीबद्दल विकृत ओढही होती, पण सगळ्यांच्या नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ज्या मुलावर अत्याचार झालाय तो पुढे अत्याचार करतोच, असं अजिबात नाही. बहुतेक जण करत नाहीत. अशा मुलाकडे संशयाने बघू नका, त्याला मायेने जवळ घ्या.

आता आपल्या घरांकडे बघू. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात. शाळेसाठी म्हणून घेतलेला मोबाईल रात्री पोराच्या पांघरुणात असतो. त्यात तो जे बघतो त्यात बाईच्या नकाराला काही किंमत नसते, आणि ते खोटं आहे हे त्याला कुणी सांगत नाही. ऊसतोडीला जोडपं निघालं की पोरं चार-सहा महिने आजीकडे, नाही तर मोठ्या भावंडाच्या भरवशावर राहतात. घरात बाप आईवर हात उचलतो, आणि पोरगा शिकतो की ताकद असली की मनासारखं करून घेता येतं.

आणि सगळ्यात मोठी उणीव आपल्या शिकवण्यातली. मुलीला आपण पाचव्या वर्षापासून सांगतो: नीट बस, अंधारात जाऊ नको, कुणी हात लावला तर सांग. मुलाला कोण सांगतं, की तू कुणाला हात लावायचा नाही? त्याचा आवाज फुटतो, अंगात बदल होतात, रात्री कपडे ओले होतात, आणि घरातलं कुणीच त्याच्याशी एक शब्द बोलत नाही.

ही कारणं समजून घ्यायची ती पुढचं रोखण्यासाठी. "बिचारा, त्याचा काय दोष" असं म्हणून जबाबदारी पुसण्यासाठी नाही. सोसलं त्या लेकराने. तिचा किंवा त्याचा दोष मात्र कणभरही नसतो.

या समजुती सोडून देऊ

"वयच तसं आहे, होतं असं." नाही. कोट्यवधी मुलं त्याच वयातून जातात आणि कुणाला त्रास देत नाहीत.

"पट्ट्याने झोडपून काढा, विसरेल." मारानं मुलगा लपवायला शिकतो. ज्याच्या आयुष्यात आधीच हिंसा आहे त्याला आणखी हिंसाच मिळते.

"लग्न लावून द्या, सुधारेल." २१ वर्षांखालच्या मुलाचं आणि १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न कायद्याने करता येत नाही. त्यातून काही जण म्हणतात, त्याच मुलीशी लावा. म्हणजे ज्याने दुखावलं त्याच्याच घरात तिला आयुष्यभर पाठवायचं. याला आपण कुणीही मान डोलवायची नाही.

"एकदा बिघडला तो कायमचा बिघडला." हेही खरं नाही. २०१६ साली अमेरिकेत १०६ ठिकाणची, तेहतीस हजारांहून जास्त मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सरासरी पाचेक वर्षं त्यांच्यावर लक्ष होतं. पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याची नोंद झालेली मुलं शंभरात साधारण पाच निघाली. पण ही अशी मुलं होती, ज्यांचं वागणं उघडकीला आलं होतं आणि ज्यांच्या बाबतीत मोठ्यांनी काहीतरी केलं होतं. झाकून ठेवलेल्या मुलाला हा आकडा लागू करून निवांत बसता येत नाही.

उपचार म्हणजे नेमकं काय?

गोळी किंवा इंजेक्शन डोळ्यांसमोर आणू नका. मुलाला नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार असेल तरच डॉक्टर औषध देतात. मुख्य काम असतं बोलण्याचं आणि सवयी बदलण्याचं. त्याला समुपदेशन म्हणतात.

समुपदेशक आधी मुलाची सगळी माहिती घेतात: घर, शाळा, मित्र, मोबाईल, त्याच्यावर कधी काही बेतलं का, बुद्धीची वाढ वयाप्रमाणे आहे का. मग हळूहळू त्याला आपण काय केलं ते तोंडाने कबूल करायला शिकवतात. "तीच मागे लागली", "तिला काही कळलं नाही" या सबबी बाजूला होतात. त्या दिवशी काय घडत गेलं, एकटेपणा, मग व्हिडिओ, मग रिकामं घर, मग ते कृत्य, ही साखळी त्याच्यासमोर मांडतात आणि ती कुठे तोडायची ते ठरवतात. समोरच्या लेकराला काय वाटलं असेल, हे त्याला जाणवून देतात. शरीर, वाढतं वय, संमती यांची खरी माहिती देतात. त्याच्यावर काही अत्याचार झाला असेल तर त्या जखमेवरही काम करतात.

यात आईवडिलांचा वाटा मोठा असतो. अमेरिकेत ४८ किशोरवयीन मुलांवर एक अभ्यास झाला. निम्म्या मुलांच्या घरी जाऊन घर, शाळा, मित्रमंडळी अशा सगळ्यांना धरून काम केलं. बाकीच्यांना नेहमीचं समुपदेशन दिलं. जवळजवळ नऊ वर्षांनी बघितलं तर पहिल्या गटातल्या शंभरात आठ मुलांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, दुसऱ्या गटात शंभरात छेचाळीस. अभ्यास छोटा आहे, पण त्यातून कळतं ते आपल्याला ओळखीचं आहे: मुलाला एकट्याला दुरुस्तीला पाठवून भागत नाही, घरालाही बदलावं लागतं. वय जितकं लहान तितकं काम सोपं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना फक्त बारा बैठकांत असं शिकवलं, तर दहा वर्षांनंतर शंभरात दोनच मुलांनी पुन्हा असा गुन्हा केल्याचं दुसऱ्या एका अभ्यासात आढळलं.

उपचार चालू असताना घरात कडक नियम हवेत: लहान मुलांसोबत त्याला एकटं ठेवायचं नाही, झोपायची जागा वेगळी, मोबाईल मोठ्यांच्या नजरेसमोर. पण शाळा बंद करायची नाही, खेळ बंद करायचा नाही, घरात वाळीत टाकायचं नाही. "तू केलंस ते फार वाईट होतं" असं जरूर म्हणा. "तूच वाईट आहेस" असं म्हटलं की सुधारायची वाटच बंद होते.

आपल्याकडे यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येतं. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं, तिथेही विचारा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीत, फुकट बोलता येतं.

कायदा काय म्हणतो?

२०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुली आणि मुलगे, दोघांचंही रक्षण करतो. असा गुन्हा कळला तर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. माहीत असून लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. त्यामुळे पंचांपुढे बसून, पैसे देऊन हे मिटवता येत नाही. तसं मिटवायला बसणारेच अडचणीत येतात.

मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं. कायद्यात त्याला गुन्हेगार न म्हणता "विधी संघर्षग्रस्त बालक" म्हणतात. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी बाई असते. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांत त्याला मंडळापुढे हजर करावं लागतं. गरज वाटली तर त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. चौकशीनंतर मंडळ समुपदेशन, समाजसेवा, आईवडिलांच्या देखरेखीखाली चांगल्या वर्तणुकीची हमी किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह असे आदेश देऊ शकतं.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमधली ती भयंकर घटना घडली. त्यातला एक आरोपी १८ पूर्ण व्हायला काही महिने कमी होता, आणि त्याला तीन वर्षंच सुधारगृहात ठेवता आलं. देशभर संताप उसळला आणि २०१५ साली नवा बाल न्याय कायदा आला. आता मुलगा १६ ते १८ वर्षांचा असेल आणि गुन्हा अतिशय गंभीर असेल, तर मंडळ त्याची समज आणि परिस्थिती तपासतं. गरज वाटली तर प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवतं. तिथे त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. शेजारणीच्या चौदा वर्षांच्या मुलाला हे लागू होत नाही. त्याच्यासाठी कायद्याचा सगळा भर सुधारण्यावर आहे. म्हणूनच "तक्रार केली की पोरगं जन्मभर तुरुंगात सडेल" ही भीती खरी नाही. उलट तक्रारीनंतरच त्याला समुपदेशक मिळण्याची वाट उघडते.

घटना कळली तर काय करायचं?

१. लेकराला जवळ घ्या. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही" हे पहिलं वाक्य. खोदून खोदून विचारू नका, चार माणसांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

२. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. लगेच सरकारी दवाखान्यात न्या. ७२ तासांच्या आत गेलं तर काही उपचार जास्त उपयोगी पडतात, पण उशीर झाला म्हणून जायचं टाळू नका. "आधी पोलिसांत जाऊन या" असं सांगून डॉक्टरांना उपचार नाकारता येत नाहीत. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची असते.

३. १०९८ या चाइल्डलाइनवर किंवा ११२ वर फोन करा. जबाब घ्यायला पोलीस घरी येऊ शकतात. शक्यतो बाई अधिकारी, आणि तेही गणवेशात नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

४. लेकरू आणि तो मुलगा यांना लगेच वेगळं करा. एकाच घरातले असतील तर घर मुलीने सोडायचं नाही. मुलाची सोय दुसरीकडे करायची. तिथेही लहान पोरं असतील तर तिथल्या मोठ्यांना खरं कारण सांगायचं, आणि तो कुठे आहे ते पोलिसांनाही सांगायचं.

५. नाव फोडू नका. मुलीचंही नाही आणि मुलाचंही नाही. दोन्ही कायद्याने गुन्हा आहे. गटाच्या इतिवृत्तात लिहू नका, व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

६. तालुका विधी सेवा समितीकडे दोन्ही घरांना मोफत वकील मिळू शकतो. बलात्कार किंवा बालकावरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मनोधैर्य योजनेतून मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात त्याची चौकशी करा.

आणि काही घडण्याआधी?

मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की त्याच्याशी बोला. बापाने, मामाने बोललं तर चांगलंच. नाहीच कुणी बोललं, तर आईने बोलावं. दोन वाक्यं पुरतात: "तुझ्या अंगात बदल होतील, त्यात लाजायचं काही नाही. पण दुसऱ्याच्या अंगाला त्याच्या मर्जीशिवाय हात लावायचा नाही, आणि लहान मुलाला तर कधीच नाही." मोबाईल रात्री चुलीपाशी, चार्जिंगला. मुलाला एखादा खेळ, एखादं मंडळ, सोबतीची पोरं हवीत. तो सतत लहानग्यांनाच कोपऱ्यात नेतोय, दार लावून घेतोय, त्यांना गुपितं शिकवतोय असं दिसलं तर नजर ठेवा आणि वेळेवर सल्ला घ्या. ऊसतोडीला जाताना पोरांना हंगामी वसतिगृहात किंवा जबाबदार मोठ्या माणसाकडे ठेवा. गाव बाल संरक्षण समितीची बैठक होते का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. अंगणवाडी ताईंना त्याची माहिती असते.

आता परत त्या दोन शेजारणींकडे. आठ जणींनी काय करावं? चौघींनी मुलीच्या आईबरोबर दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात जावं. पुढचे काही महिने तिची मजुरी बुडाली तर हप्त्याचं गटाने सांभाळून घ्यावं. आणि बाकीच्या चौघींनी मुलाच्या आईकडे जावं. तक्रार मागे घेण्याचं बोलायला नाही, तर तिला सांगायला, की बाई, पोराला लपवू नकोस, मंडळापुढे त्याच्यासोबत उभी राहा, समुपदेशनाच्या प्रत्येक तारखेला जा. तिलाही गटातून काढू नका. ती एकटी पडली तर पोरगा आणखी एकटा पडेल, आणि एकटेपणातून काय होतं ते आपण वर वाचलंच.

दोघी पुन्हा शेजारी शेजारी बसतील की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. आपण घाई करायची नाही. त्या सहा वर्षांच्या मुलीला मात्र मोठी झाल्यावर हे आठवायला हवं, की मी बोलले तेव्हा माझ्या आईच्या गटातल्या सगळ्या मावश्यांनी माझं ऐकलं होतं.